मामाला मनाई

"एक कागद! फकस्त एक कागद आणतो! मग आकारामची म्हस तर सोडाच, तिच्या अंगावरची गोमाशी जरी आपल्या अंगणात शिरली, तरी नावाचा हिंदुराव न्हाई!"

हिंदुरावानं हाटेलातल्या बाकावर मूठ आपटली. बशीतला चहा शेजारच्या गुंडा पैलवानाच्या धोतरावर सांडला. पण पैलवान चकार शब्द बोलला नाही. कारण हिंदुराव एकदा बोलायला लागला की त्याच्या मध्ये बोलायची छाती गावात दोघींचीच होती. एक त्याची बायको येसूबाई आणि दुसरी ती म्हैस!

आता हे म्हशीचं प्रकरण नीट सांगितलं पाहिजे. आष्ट्यापासून हाकेच्या अंतरावरचं गाव. तिथं हिंदुरावाचं घर आणि त्याच्या मेव्हण्याचं, म्हणजे येसूबाईच्या धाकट्या भावाचं, आकारामचं घर अगदी समोरासमोर. मध्ये एक मोकळं अंगण. येसूबाई नांदायला गेली ती हे अंगण ओलांडून! रिवाज म्हणून बैलगाडी जुंपली होती. बैलांनी चार पावलं टाकली नाहीत तोवर सासर आलं. गाडीवाल्याला कासरा ओढायलासुद्धा सवड मिळाली नाही.

आकाराम पलटणीत हवालदार. पासष्टची लढाई बघितलेला, एकाहत्तरची बघितलेला. पेन्शन घेऊन गावी आला तो एक लोखंडी ट्रंक, छातीवर लावायचे बिल्ले आणि हुकूम पाळायची खोड घेऊन! आल्या आल्या त्यानं एक म्हैस घेतली. काळीभोर, शिंगं वळलेली, गावातल्या कुठल्याही बाईपेक्षा जास्त तोऱ्यात चालणारी. तिची दावण त्यानं मधल्या अंगणाच्या कडेला मारली. तोंड स्वतःच्या घराकडं आणि पाठ हिंदुरावाच्या दाराकडं.

आता म्हशीचं तोंड कुणाकडं आणि पाठ कुणाकडं हा काही लहानसहान प्रश्न नव्हे! सकाळी हिंदुराव राखुंडीनं दात घासत दारात येई, तर समोर सूर्यनारायणाच्या जागी शेपूट!

"आकाराम! म्हस फिरवून बांध!"

"दाजी, अंगण आमच्याबी आज्ज्याचं हाय. आन् फिरवून बांधली तर तिचं तोंड तुमच्याकडं यील."

"मग येऊ दे की!"

"कसं येऊ दे? तुमचं तोंड दिसलं की ती दूध वर चढवती, थेंब दीत न्हाई!"

झालं! आकाराम हे हसत हसत बोलला. पण ओट्यावर बसलेली माणसं खदाखदा हसली आणि हिंदुरावाच्या काळजात कळ आली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं स्वारी तालुक्याला आप्पासो वकिलांच्या दारात हजर!

आप्पासो वकील म्हणजे सरळ माणूस. पानाचा डबा पुढं ओढत त्यांनी सगळी हकीकत ऐकली, घराचा उतारा बघितला आणि म्हणाले, "अंगणावर तुमची वहिवाट दिसते. दावा लावू. निकाल लागायला मात्र वर्षं जातील."

"वर्सं? तवर मी शेपूटच बघत बसू?"

"म्हणूनच मनाई हुकूम असतो ना! हे बघा हिंदुराव, मनाई म्हणजे मालकी नव्हे. दावा चालू असताना कुणी जागेची नासधूस करू नये, दांडगाई करू नये म्हणून कोर्टानं मध्येच धरलेला हात. ज्याच्या नावानं हुकूम, त्यानं तो मोडला तर त्याची धडगत नाही. तुरुंगसुद्धा होतो."

हिंदुरावाच्या कानात एवढंच शिरलं, तुरुंग! त्याचा चेहरा असा फुलला, की जणू वकिलांनी त्याला सोयरीकच सांगितली. "म्हंजे बंदूक न्हाई, पोलीस न्हाई, आन् माणूस आपल्या जागी थांबतोय? वा रं कोर्टा! धन्य हाय बाबा तुजी!"

आणि हे कौतुक खोटं नव्हतं बरं का. रागानं सुरू झालेलं प्रकरण, पण त्या दिवसापासून हिंदुराव मनाई हुकुमाच्या प्रेमातच पडला. हुकूम हातात पडला तेव्हा त्यानं तो आधी देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं. मग सगळ्या गावाला वाचून दाखवला, "दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादीने स्वतः अगर त्याच्या वतीने इतर कोणीही वादीच्या अंगणात शिरू नये, जनावर बांधू नये, अगर कोणताही अडथळा करू नये." वाचताना 'अगर' शब्दाला तो असा काही जोर देई, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा!

कोर्टाचा बेलिफ हुकूम बजावायला आला तेव्हा निम्मा गाव अंगणाभोवती गोळा झाला. आता हवालदार चिडणार, ट्रंकेतनं काहीतरी काढणार, मारामारी होणार! गुंडा पैलवान तर लंगोट कसूनच आला होता.

आकाराम खाकी चड्डीवर बाहेर आला. बेलिफानं वाचायला सुरुवात केली तसा टाच जुळवून ताठ उभा राहिला. हुकूम शेवटपर्यंत ऐकला. खाडकन सॅल्यूट ठोकला. मग वळून म्हैस सोडली, दावण उपटली, घरामागच्या परड्यात नेऊन बांधली आणि येताना चुन्याची बादली घेऊन आला. बेलिफाला विचारून त्यानं अंगणाच्या आपल्या बाजूच्या कडेला एक पांढरी रेघ ओढली. सरळ, सुतात, पलटणीतल्या परेड मैदानासारखी.

"ही हद्द," आकाराम म्हणाला. "हुकूम म्हंजे हुकूम! कोर्टाचा निकाल लागंस्तवर मी, माजी बायकू, माजी कोंबडी, कुणी ह्या रेघंच्या आत पाय टाकणार न्हाई."

बेलिफ हिंदुरावाच्या कानाशी लागला, "उभ्या नोकरीत असला प्रतिवादी बघितला नाही राव. नशीबवान आहात!"

नशीब कसलं! त्या रेघेनं हिंदुरावाचे दिवस भरत आले.

पहिली गोष्ट म्हणजे दूध. आकारामची बायको हरणाबाई रोज सकाळी अंगण ओलांडून नणंदेला तांब्याभर दूध आणून द्यायची. तिला मनाई! हिंदुरावानं जावं तर वादीनं प्रतिवादीच्या दारात तांब्या घेऊन कसं जायचं? येसूबाई तर मुद्दामच जाईना. म्हणून घरात कोरा चहा सुरू झाला. पहिल्या घोटाला हिंदुरावाचं तोंड असं झालं, की येसूबाईला नवऱ्याची दया यावी. पण तिला आली नाही.

"प्या! कोर्टानं दिलेला च्या हाय, गोड मानून प्या!"

दुसरी गोष्ट कोंबडी. कोंबडीला कोण समजावून सांगणार? ती खुशाल रेघ ओलांडून हिंदुरावाच्या कडब्यात अंडी घालायची. हरणाबाई रेघेपाशी उभी राहून ओरडायची, "आवं वन्सं, आमच्या कोंबडीनं हुकूम मोडला बगा! अंडी जप्त करा!" अंडी खावीत तर लोक म्हणणार प्रतिवादीचा माल गिळला, आणि ठेवावीत तर कडब्यात पिल्लांची चिवचिव. शेवटी पिल्लं झालीच! ती जन्मली वादीच्या हद्दीत आणि आई प्रतिवादीची. आता पिल्लांवर दावा कुणी लावायचा?

आणि एक दिवस म्हशीनं दावं तोडलं! सरळ जुन्या जागेवर येऊन उभी. आकाराम धावत आला आणि रेघेवर येऊन गपकन थांबला, जसा काही पुढं सुरुंग पेरलाय.

"वादीसाहेब! आमचं जनावर तुमच्या हद्दीत शिरलंया! मला यायला मनाई हाय. हाकला!"

हिंदुराव काठी घेऊन पुढं झाला. म्हशीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. हिंदुराव एक पाऊल पुढं, म्हैस एक लाथ मागं! काठी एकीकडं, मुंडासं दुसरीकडं आणि हिंदुराव शेणकुटाच्या ढिगात.

"डावीकडनं या दाजी! डावीकडनं! मानंला खाजवा तिच्या! आवं शिव्या दिऊ नका, तिला कळत्यात!" आकाराम रेघेवरून कळवळून सांगत होता, पण पाय आत टाकील तर शपथ! शेवटी येसूबाईनं येऊन शिंगाला धरून म्हैस रेघेपलीकडं नेऊन दिली. आकारामनं म्हैस घेतली, हिंदुरावाला सॅल्यूट ठोकला आणि गेला.

शेणात बसल्या बसल्या हिंदुरावाच्या मनात आलं, माणूस मात्र लाखाचा हाय! पण हे तोंडानं कोण बोलणार?

अशातच हिंदुरावाच्या लेकीचं, अंजनाचं लग्न ठरलं. स्थळ म्हसवडचं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, बाप नाथाजीराव माणसांत वजन असलेला. लग्न मुलीच्या दारात, वैशाखात.

"मांडव मधल्याच अंगणात घालायचा!" हिंदुरावानं छाती पुढं काढली. "कोर्टानं राखलेली जागा हाय! हितं अक्षता पडल्या की लगीन जन्मात मोडायचं न्हाई!"

"आन् आकारामचं काय?" येसूबाईनं विचारलं. "पोरीला मांडवात आणायचं मामानं, पाठीशी उभं ऱ्हायाचं मामानं. मामाबिगर लगीन लागतंय व्हय?"

"मग ये म्हणावं की! मी काय नगं म्हणतोय?"

येसूबाई स्वतः अक्षत घेऊन गेली. आकारामनं ती कपाळाला लावली. डोळे पुसले. म्हणाला, "आक्का, माजी पोरगी हाय ती. मी येणार! पार हद्दीपतोर येणार." येसूबाईला वाटलं, भाऊ चेष्टा करतोय. ती हसली आणि घरी येऊन पुरणाच्या डाळीच्या मागं लागली.

लग्नाचा दिवस उगवला. मांडवाला आंब्याचे डहाळे, दारात सनई, म्हसवडचं वऱ्हाड ट्रकातनं उतरलेलं, नवरदेव गावातनं घोड्यावर मिरवत आलेला. हिंदुराव भरजरी फेटा बांधून इकडून तिकडं पळत होता. आप्पासो वकील खास पाहुणे म्हणून पुढच्या जाजमावर. भटजीबुवांनी घड्याळ बघितलं आणि खणखणीत आवाज दिला, "मामा! मुलीला घेऊन या!"

कुणी आलं नाही.

"अहो, मुलीचे मामा! मुहूर्त जातोय!"

"हजर हाय!" पांढऱ्या रेघेपलीकडून आवाज आला.

सगळ्या मांडवानं माना वळवल्या. आकाराम रेघेच्या बरोबर एक वीत पलीकडं ताठ उभा. अंगात इस्त्रीचा कोट, छातीवर बिल्ले, डोक्याला गुलाबी फेटा, एका हातात लिंबू खोचलेली कट्यार, दुसऱ्या हातात भाचीसाठी घेतलेलं लुगडं. डोळ्यांत पाणी तरारलेलं. पण पाय जागचा हलेना.

हिंदुराव धावला. "आरं, हुबा काय ऱ्हायलास? चल की आत!"

"मनाई हाय, दाजी."

"आरं, मी म्हणतोय न्हवं चल म्हणून!"

"तुमी कोण? कोर्ट?"

"मी वादी हाय!"

"वादीनं मागितलं, कोर्टानं दिलं. आता उठवायचं तर कोर्टानं उठवायचं. पलटणीत कर्नलसायबाचा हुकूम सुभेदारानं फिरवला तर चालंल का?"

हिंदुराव गर्रकन जाजमाकडं वळला. "वकीलसाहेब! आवं, ह्यो हुकूम उठवा! आत्ताच्या आत्ता!"

आप्पासो वकील जाजमावरून उठले. "कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी आहे हिंदुराव. जूनशिवाय उघडत नाही. पण आकाराम, वादीनं स्वतः बोलावलं आणि तुम्ही आलात, तर कोर्ट काही तुम्हाला तुरुंगात घालणार नाही. या तुम्ही खुशाल."

"येतो की," आकाराम म्हणाला. "पर आज बोलावत्यात आन् उद्या रागं भरून म्हणाले, हवालदारानं हुकूम मोडला, तर? लढाईत मोडला न्हाई वकीलसाहेब, तो हितं मोडला म्हणून नाव व्हईल. ह्ये उद्या फिरणार न्हाईत, ह्याची हमी तुमी घेता?"

वकिलांनी हिंदुरावाकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि प्रामाणिक माणूस तो, पुन्हा जाजमावर जाऊन बसला!

गुंडा पैलवान पुढं सरसावला. "आरं, सोपं हाय गड्या! मी ह्येला खांद्यावर टाकून आत आणतो! त्यो शिरला न्हाई, त्येला शिरीवला!"

"हुकुमात काय हाय?" आकाराम गरजला. "'स्वतः अगर त्याच्या वतीने इतर कोणीही!' दाजींनीच वाचून दावलंया!"

तोवर म्हसवडच्या वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. मामा मांडवाबाहेर उभा? मामा रुसला? पोरीत काय खोट हाय का? नाथाजीराव उठून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा काही बरा दिसेना.

"मी सांगतो, दुसरा कुणी चुलत मामा उभा करा!" भटजीबुवा कळवळले. "मुहूर्त चाललाय!"

हे आतल्या घरात अंजनाच्या कानावर गेलं. बाशिंग बांधलेली, हळदीनं पिवळी झालेली पोर उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि भर मांडवात बोलली, "माजा मामा एकच हाय! त्यानं हात धरला तर मी मांडवात यीन. न्हाईतर घोड्यावर आलाय त्येला घोड्यावरच माघारी जाऊ द्या!"

सनईवाल्याच्या तोंडातनं सनई सुटली.

हिंदुराव पुरता कोंडीत सापडला. समोर लेक, मागं वऱ्हाड आणि मध्ये त्याची स्वतःची, कौतुकानं आणलेली, हळदकुंकू वाहिलेली मनाई! त्यानं रेघेपाशी जाऊन फेटा उतरवला आणि दोन्ही हातांत धरला. "आकाराम, मी चुकलो. शेपटापायी मी तुला कोर्टात वढलं. तुज्या पाया पडतो. पोरीचं वाटुळं करू नगंस. आत ये."

"दाजी, फेटा घाला आधी," आकाराम म्हणाला. "मी आत येऊ शकत न्हाई. पर मी सकाळपास्नं वाट बगतोय, तुमच्यापैकी एकाला तरी सुचतंय का. मनाई मला हाय. तुमाला कुणी केलीया?"

हिंदुरावानं वर बघितलं. मग त्याला दिसलं! आकारामचं दार सारवलेलं होतं. हरणाबाईनं रांगोळी काढली होती. चौकटीला तोरण होतं. दोन पाट मांडून, त्यांवर अक्षतांचं स्वस्तिक काढून, सगळं तयार होतं. म्हैससुद्धा धुवूनपुसून, शिंगांना गोंडे बांधून एका बाजूला उभी होती. आणि तिचं तोंड हिंदुरावाकडं होतं!

"खरंच की!" आप्पासो वकिलांनी कपाळावर हात मारला. "हुकूम प्रतिवादीवर आहे! वादीला प्रतिवादीच्या दारात जायला कोण अडवतंय?"

हिंदुरावाला भडभडून आलं. लेकीचा हात धरून तो निघाला खरा, पण डोळ्यांत पाणी, त्यामुळं मांडवाची दोरी काही दिसली नाही. दोरीत पाय अडकला आणि वादी जो तोंडघशी आला, तो थेट प्रतिवादीच्या मिठीत! लोकांना वाटलं, काय हे प्रेम! बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. सनईवाल्यानं सनई पुन्हा तोंडाला लावली. गुंडा पैलवानानं तर मांडवाचे दोन खांब उपटून खांद्यावर घेतले आणि अर्धा मांडवच रेघेपलीकडं नेऊन रोवला.

नाथाजीराव आकारामपुढं येऊन उभे राहिले. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यांकडं बघत म्हणाले, "भाचीचं लगीन खोळंबलं तरी दिल्या शब्दावरनं हलला न्हाईसा. आसलं घर मिळालं, आमचं नशीब मोठं!" आणि स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी आकारामला घातला, त्याचा गुलाबी फेटा आपल्या डोक्यावर चढवला. आकारामनं पोरीचा हात धरला, तिच्या पाठीशी उभा राहिला आणि मुहूर्ताच्या शेवटच्या घटकेला अक्षता पडल्या. आकाराम हुंदके देऊन रडला. दोन लढायांत रडला नव्हता, ते सगळं त्या दिवशी काढलं!

जून उजाडला. कोर्ट उघडलं. हिंदुराव टोपी घालून, पिशवी घेऊन मनाई उठवायला निघाला. दारात येसूबाई आडवी!

"कुटं निगालासा?"

"मनाई काढून घ्याया! आता कशाला पायजे? आकारामला बी यायला जायला मोकळं."

"काय नगं!" येसूबाईनं त्याच्या हातातली पिशवीच काढून घेतली. "माजं लगीन झाल्यापास्नं ह्ये अंगण उघडं हुतं. तवा तुमी माज्या माह्यारचा उंबरा कवा चढलासा? एकदा तरी? आता त्येला यायला बंदी हाय, म्हणून रोज दिवस मावळला की तुमीच जाताय. त्येच्या ओट्यावर बसताय, दुधाचा च्या पिताय, म्हशीला खाजिवताय. हुकूम उठला की घरात बसून म्हणाल, त्यो येऊ दे की आधी! खबरदार त्या कागदाला हात लावला तर!"

हिंदुरावानं टाळूवरची टोपी फिरवली. मग तो पहिल्या एस.टी.नं तालुक्याला गेला खरा, पण आप्पासो वकिलांच्या पुढ्यात बसून खाली मान घालून म्हणाला, "वकीलसाहेब, दावा जरा सावकाशीनं चालवा. हुकूम उठला तर बायकू मला मनाई करंल म्हणतीया."